दिव्याखालची मोकळी जागा

थंडीच्या दिवसांत पहाटे शेडचं बारदान बाजूला सारलं, की लाव्याच्या पिलांची रात्र कशी गेली ते लगेच कळतं. पिलं मोजावी लागत नाहीत. थर्मामीटर मागाहून पाहिला तरी चालतो. आधी पाहायचं ते एवढंच, की पिलं बसली आहेत कुठे.

दिव्याच्या अगदी खाली, एकमेकांच्या अंगावर चढून बसली असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब जाऊन कडेच्या पत्र्याला चिकटली असतील आणि चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, तर ऊब जास्त झाली आहे. सगळी एकाच कोपऱ्यात लोटली असतील, तर समोरून कुठून तरी वारा शिरतो आहे. आणि सगळीकडे विखुरलेली असतील, कुणी दाणे टिपतंय, कुणी तुसात पाय ताणून आडवं झालंय, तर काळजीचं कारण नाही. आडवी पडलेली पिलं पाहून नवखा माणूस दचकतो. त्यांचं झोपणंच तसं असतं.

मग एखाद्या सकाळी थोडं वेगळं दिसतं. पिलं निवांत आहेत. आवाजही रोजचाच, बारीक आणि समाधानी. पण दिव्याच्या बरोबर खालची जागा मोकळी आहे. तुसावर उजेडाचा गोल पडला आहे आणि त्यात कुणीच नाही. गरम होऊन कुणी पळालेलं नाही. हाकललेलं तर नाहीच. ती नुसती तिथून उठून गेली आहेत.

मला या मोकळ्या जागेविषयी बोलायचं आहे.

जपानी लावा, बाजारात ज्याला बटेर म्हणतात, तो अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचं वजन सात-आठ ग्रॅम असतं. अंगावर पिवळसर तपकिरी लव, पाठीवर काळपट पट्टे. चिमणीचं पिलू उघडं आणि आंधळं जन्मतं, तसं याचं नसतं. काही तासांतच ते धावू लागतं. दाणा स्वतः टिपतं, पाणी स्वतः पितं. कुणी घास भरवावा लागत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, याला आता कुणाची गरज नाही.

एक गोष्ट मात्र त्याला येत नाही. स्वतःच्या अंगाची ऊब त्याला राखता येत नाही. मोठ्या लाव्याचं अंग ४१-४२ अंश सेल्सिअसवर टिकून असतं, बाहेर थंडी असो की ऊन. पिलाच्या शरीराला अजून ते जमत नाही. अंग इतकं लहान, की आतली ऊब झपाट्याने बाहेर निघून जाते. लव कोरडी असेल तोवर थोडी उपयोगी पडते, भिजली की तीही नाही. म्हणून पाण्याच्या उथळ भांड्यात खडे टाकून ठेवतात. नाहीतर पिलू त्यात पडतं आणि बुडालं नाही तरी गारठून जातं.

चालणं आलं, खाणं आलं, ऊब यायची राहिली. स्वावलंबन एका दिवसात सगळं येत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी येतं आणि ज्या तुकड्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो बाहेरून दिसत नाही.

रानात ही उणीव आई भरून काढते. रानलाव्यांची मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला अंडी घालते. पिलं बाहेर आली की तिच्या पोटाखाली शिरतात. उबतात, बाहेर येतात, किडे टिपतात, गार होतात, पुन्हा आत शिरतात. दिवसभर असंच चालतं. आई त्यांच्यामागे ऊब घेऊन धावत नाही. ती एका जागी बसते आणि पिलं तिच्याकडे येतात. दिवसागणिक बाहेरचा वेळ वाढत जातो, पोटाखालचा कमी होतो. पुढे पुढे आईही जरा दूर सरायला लागते. तारीख कुणीच ठरवलेली नसते.

पाळलेल्या जपानी लाव्यात हे राहिलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात काढल्यावर मादीचं अंड्यांवर बसणं जवळजवळ सुटलं आहे. ती अंडं घालते आणि बाजूला होते. यात तिचा दोष नाही. अंड्यांवर बसलेली पक्षीण नवी अंडी देत नाही, आणि माणसाला तर अंडी हवी होती. जास्त अंडी देणाऱ्या माद्या तो निवडत गेला आणि त्या निवडीत आईपण मागे पडलं. आपल्या देशात हा पक्षी १९७४ साली उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इझतनगरला संशोधनासाठी आणला गेला. तिथून तो गावोगावच्या शेडमध्ये पोचला. आज अंडी यंत्रात ठेवतात. साडेसदतीस अंशांच्या आसपास सतरा-अठरा दिवस, की पिलं बाहेर. मग दिवा.

आईच्या पोटाची जागा दिव्याने घेतली, म्हणजे खरं तर आपण घेतली. ऊब देण्याची जबाबदारी ज्याने उचलली, ती काढून घेण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली. पहिली गोष्ट सगळ्यांना सुचते. दुसरी शिकावी लागते.

माहितीपत्रकांत त्याचं कोष्टक मिळतं. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगावर पिसं भरली, की हवा फार गार नसेल तर दिवा बंद. कोष्टक चुकीचं नाही. नव्या माणसाला त्याचा आधारच होतो. पण ते सरासरी पिलासाठी लिहिलेलं असतं, आणि सरासरी पिलू कुठल्याच शेडमध्ये नसतं. सरासरी हवा तर कुठल्याच गावात नसते. वैशाखात विदर्भातल्या शेडला दुपारी दिव्याची गरजच पडत नाही, उलट पिलं तापू नयेत म्हणून पोती ओली करून टांगावी लागतात. तीच पिलं पौषात नाशिककडे असती, तर रात्रभर दिव्याखालून हलली नसती.

आमच्या वहिनी निफाड तालुक्यात असतात. तिथली थंडी पेपरात येते. बहुतेक हिवाळ्यांत कधी ना कधी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी असते. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. आणि दुपारी त्याच गावात अंगातला स्वेटर नकोसा होतो. एका दिवसात दोन ऋतू. वहिनींनी घरामागे लावे पाळले आहेत. फार नाहीत, घरच्या माणसांना सांभाळता येतील इतके.

त्यांच्याकडे मी ही मोकळी जागा पहिल्यांदा नीट पाहिली. पिलं पंधरवडा ओलांडून गेलेली. पंखांवर पिसं आलेली, पाठ भरत आलेली, डोक्यावर मात्र अजून लव. लाव्याच्या पिलाचं डोकं सगळ्यात शेवटी भरतं. ऊन वर आलं होतं आणि दिवा चालूच होता. मी विचारलं, "वहिनी, बंद करू का?"

"करा," त्या म्हणाल्या. "दिवा आता त्यांना नकोय, भावजी. आपल्यालाच हवाय."

हे त्यांनी दाणे पाखडता पाखडता सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं. माझ्या मनात मात्र ते राहिलं. ऊब देणाऱ्यालाही ऊब देण्याची सवय लागते. दिवा चालू आहे म्हणजे आपण काळजी घेतो आहोत, असं मनाला वाटत राहतं. बंद केला, की हात रिकामे झाल्यासारखे वाटतात. म्हणून पुष्कळदा दिवा पिलांच्या गरजेपेक्षा जास्त दिवस जळतो. त्याचा तोटा वीजबिलापुरता नसतो. जास्त उष्णतेत वाढलेल्या पिलांची पिसं नीट भरत नाहीत, विरळ राहतात, हे कोंबड्या पाळणाऱ्यांनाही ठाऊक आहे. ऊब लांबली की पिसं लांबतात. पिसं लांबली की ऊब पुन्हा लांबवावी लागते.

गारव्याचंही काम असतं. पक्ष्यांच्या पिलांना थंडी लागली की त्यांचे स्नायू थरथरतात आणि त्या थरथरीतून ऊब तयार होते. सस्तन प्राण्यांच्या बाळांत ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी असते, ती पक्ष्यांत नसते. थरथरणं हाच त्यांचा मुख्य उपाय. जन्मतः ते अगदी दुबळं असतं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बळावत जातं. आपल्याला थरथरणारं पिलू दिसलं की वाईट वाटतं, आणि पहिल्या दिवसांत वाटायलाच हवं. पण तिसऱ्या आठवड्यातलं पिलू पहाटे क्षणभर थरथरतं, अंग फुगवतं, शेजाऱ्याला चिकटतं आणि थोड्या वेळाने दाण्याकडे जातं. ते सगळं त्याने स्वतः केलेलं असतं.

तरी गारवा देणं आणि ऊब हिरावणं यांत फार फरक आहे. वीज गेल्यावर तो कळतो.

रात्री अचानक लाइट जाते. पहिल्या आठवड्यातली पिलं. ऊब जाते आणि उजेडही जातो. पिलं कर्कश ओरडू लागतात, जिथे कुणी तरी असेल तिथे धावतात आणि एकाच ढिगात घुसत राहतात. बाहेरची आत शिरू पाहतात आणि आतली चेंगरतात. सकाळी जी मरतूक दिसते, ती कधी थंडीने असते, कधी त्या ढिगाने. म्हणून जाणते लोक गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवतात, किंवा इन्व्हर्टरवर एक दिवा लावून घेतात. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये ठेवत नाहीत, तिच्या धुराने माणूसही दगावतो. थर्मामीटरवर पाहिलं, तर लाइट गेल्याने पडलेले अंश आणि काही आठवड्यांत आपण हळूहळू उतरवलेले अंश सारखेच भरतील. पिलांना ते सारखे नसतात. पुढच्या अंशाची तयारी मागच्या अंशावर होते, आणि तेवढा वेळ लाइट जाताना देत नाही.

उजेडाची गोष्ट तर आपल्या लक्षातच येत नाही. साध्या पिवळ्या बल्बखाली वाढलेल्या पिलाने अंधार पाहिलेलाच नसतो. यंत्रातून निघाल्यापासून डोक्यावर दिवा. आपण ज्या रात्री ऊब बंद करतो, ती त्याच्या आयुष्यातली पहिली काळोखी रात्र असते. एका वेळी दोन गोष्टी सुटतात. वहिनी त्यासाठी झिरोचा बल्ब लावतात. त्याची ऊब काहीच नसते. पण दाणा कुठे, पाणी कुठे, शेजारी कोण, एवढं दिसतं. पिलं शांत राहतात. एक एक गोष्ट सोडायची असेल तर सोडता येते. सगळ्या एकदम सुटल्या की भीती वाटते, मग पिसं कितीही भरलेली असोत.

ऊब सोडण्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जागा. पेटी लहान असेल आणि ती सगळीच तापली असेल, तर पिलाला निवडायला काही उरत नाही. ते ऊबेकडे जात नाही, ऊबेतून बाहेरही येत नाही. फक्त ऊबेत असतं. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं कडं मोठं ठेवलं, दिवा एका बाजूला टांगला आणि दाणा-पाणी थोडं गार बाजूला सरकवलं, की चित्र बदलतं. पिलू खायला बाहेर येतं, गार होतं, परत जातं. रानातल्या आईच्या पोटाखाली जे चालतं, त्याच्या जवळ जाणारं काही तरी तिथे चालू होतं. कडं रोज थोडं मोठं करायचं. दिवा चार बोटं वर घ्यायचा. साठच्या जागी चाळीसचा लावायचा. पिलं जाऊ शकतात तिथपर्यंत जातात आणि परत येतात. लग्न झालेल्या लेकीला माहेरचं दार उघडं आहे हे ठाऊक असलं, की ती सासरी लवकर रुळते. पिलंही उबदार कोपरा आहे म्हणूनच त्यापासून लांब जातात.

ती कुठे जातात, हेही पाहण्यासारखं आहे. दिवा सोडून पिलं एकटी पडत नाहीत. ती एकमेकांकडे जातात. आठ-दहा पिलांचा पुंजका करून, डोकी आत घालून बसतात, आणि त्या पुंजक्यात प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगाची ऊब मिळते. म्हणून पिलं जास्त असली की दिवा लवकर सुटतो. एकटं-दुकटं पिलू असेल तर त्याला दिवा जास्त दिवस द्यावा लागतो, वय आणि पिसं तेवढीच असली तरी. ज्याला शेजार नाही, त्याच्या बाबतीत घाई करू नये.

एका घाण्यातली सगळी पिलं एकाच दिवशी जन्मली, तरी दिवा एकाच दिवशी सोडत नाहीत. याचं मला नेहमी नवल वाटतं, कारण जन्मताना ती एकमेकांना धरून असतात. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये मार्गारेट व्हिन्स यांनी लाव्यांच्या अंड्यांवर काम केलं. कवच फुटण्याआधी आतली पिलं टिक-टिक असा बारीक आवाज करतात. एकमेकांना टेकलेली अंडी तो आवाज ओळखतात, आणि वाढीत मागे असलेलं पिलू घाई करून पुढच्यांना गाठतं. मग सगळी थोड्याच वेळात बाहेर पडतात. रानात ते गरजेचं असतं, कारण आई पिलांना घेऊन जागा सोडते आणि मागे राहिलेल्याला कुणी नसतं. कवच फोडायला सोबत्यांची साद पुरते. ऊब सोडायला ज्याची त्याची पिसं यावी लागतात.

तेव्हा त्या मोकळ्या जागेच्या कडेला एखादं पिलू राहतंच. बाकीची लांब गेलेली, हे दिव्याखालच्या गोलाच्या कडेवर, पंख सैल टाकून. त्याच्याकडे पाहून दिवा चालू ठेवावा, तर बाकीची तापतात. बाकीच्यांकडे पाहून बंद करावा, तर हे गारठतं. वहिनी असं पिलू उचलून खोक्यात वेगळं ठेवतात, सोबत आणखी एक धडधाकट देतात, आणि त्या दोघांसाठी छोटा दिवा आणखी काही दिवस. सोबतीचं पिलू कशाला, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "एकटं ठेवलं तर खात नाही हो ते." लाव्याचं पिलू दुसऱ्याला टिपताना पाहून टिपतं. मला ही व्यवस्था फार आवडते. मागे राहिलेल्याला जास्तीचे दिवस मिळतात, आणि त्यासाठी बाकीच्यांचं पुढे जाणं थांबत नाही.

दिवा सुटल्यानंतरचं आयुष्य फार भराभर जातं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला नरांच्या छातीवर तांबूस रंग चढतो, माद्यांच्या छातीवर काळे ठिपके राहतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी पहिलं अंडं देते. ऊब सुटणं आणि पहिलं अंडं यांच्यामध्ये महिनाही धड नसतो. ते मधले आठवडे म्हणजे लाव्याच्या आयुष्यात जन्मभराची पायाभरणी. त्या मानाने दिवा आणखी दोन रात्री चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न लहान वाटेल. पण पिलाच्या वयाच्या हिशोबाने दोन रात्री लहान नसतात.

मध्येच ढग येतात. नाशिककडे हिवाळ्यात अवकाळी पाऊसही होतो. दिवा बंद करून झालेला असतो, पिलं रुळलेली असतात आणि एका संध्याकाळी ओला वारा सुटतो. अशा वेळी दिवा पुन्हा लावण्यात काहीच कमीपणा नाही. पिलं एक रात्र त्याच्याजवळ येतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब जातील. एकदा जमलेलं ती विसरत नाहीत.

तुम्ही यंदाच्या थंडीत पिलं आणणार असाल, तर एवढं करा. आधी दुपारचा दिवा बंद करा, मग संध्याकाळचा, आणि पहाटेचा सगळ्यात शेवटी, कारण सूर्य उगवण्याच्या आसपासच थंडी सर्वांत जास्त असते. झिरोचा बल्ब राहू द्या. पूर्ण बंद केलेल्या पहिल्या रात्री तीन-चारच्या सुमाराला एकदा उठून पाहून या. आणि दिवा बंद झाला तरी होल्डर लगेच उतरवू नका, थंडीचा जोर ओसरेपर्यंत तो तिथेच टांगलेला असू द्या.